होमर कानाने, व्हर्जिल डोळ्याने

प्रवरेच्या काठी नेवाशाचं जुनं टेकाड आहे. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खोदकाम केलं. तळाशी अश्मयुगातली हत्यारं, त्यावर ताम्रपाषाण काळातली वस्ती आणि आणखी वर सातवाहनांचा काळ असे थर त्यांना लागले. वरच्या थरांत रोमन अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या आणि निमुळत्या बुडाच्या मातीच्या सुरयांचे, तुकडे मिळाले. भूमध्य समुद्राकाठची दारू आणि तेल अशा भांड्यांतून दूरदूर जाई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशी-व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात दारू आहे, आणि पसंती इटलीच्या दारूला आहे असंही म्हटलं आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवस चाललं की पैठण, असा हिशेबही त्यात दिला आहे. नेवासं त्याच मुलखातलं.

म्हणजे ज्या शतकात रोममधली शाळकरी मुलं व्हर्जिलचं काव्य घोकत होती, त्याच सुमारास इटलीकडची भांडी प्रवरेच्या काठी फुटत होती. व्हर्जिललाही आपला देश ऐकून माहीत होता. शेतीवरच्या त्याच्या काव्यात भारत हस्तिदंत पाठवतो असा उल्लेख येतो. त्यानंतर बाराएकशे वर्षांनी, शके 1212 मध्ये, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. दारू इथवर पोचली. काव्य मात्र दोन्हीकडे आपापल्या मातीत वाढलं.

काव्यही पोचलं होतं, असं म्हणणारा एक जण प्राचीन काळी होऊन गेला. डायो क्रिसोस्टम हा पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता. भारतातले लोक होमर आपल्या भाषेत गातात, प्रायमचं दुःख आणि अकिलीस-हेक्टरचा पराक्रम त्यांना ठाऊक आहे, असं त्याने एका भाषणात सांगून टाकलं. कुणी व्यापाऱ्याने महाभारताच्या चार गोष्टी त्याच्या कानावर घातल्या असाव्यात, असा तर्क पुढे अभ्यासकांनी केला, आणि तो पटण्यासारखा आहे. पण एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्त वेबर या जर्मन संस्कृत पंडिताने याहून लांब उडी मारली. हेलनला पळवलं, सीतेला पळवलं. ट्रॉयला वेढा, लंकेला वेढा. तेव्हा वाल्मीकीने होमरचा आधार घेतला असावा, असं त्याचं म्हणणं. त्याला उत्तर मुंबईतून गेलं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तेव्हा जेमतेम तेविशीतले होते. रामायण होमरवरून उचललं का, असं थेट विचारणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका 1873 साली निघाली. साम्य दिसलं म्हणजे उसनवारी सिद्ध होत नाही, हा तिचा गाभा. पुढे तेलंग मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण मला त्यांचं हे तरुणपणचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. कारण त्यामुळे होमरकडे बघण्याची आपली वाट मोकळी झाली. कोणी कोणाचं घेतलं हा वाद बाजूला ठेवला, की दोन काव्यं शेजारी ठेवून निवांत ऐकता येतात.

आणि ऐकण्याच्या बाबतीत नगर जिल्ह्याचा, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरचा, वाचक कमी पडत नाही. उलट त्याच्या हाती दोन किल्ल्या आधीपासूनच आहेत. एक होमरची, दुसरी व्हर्जिलची. हे दोघे एकाच दमात उच्चारले जातात खरे, पण ते अगदी वेगळ्या जातीचे कवी आहेत.

आधी होमर. त्याच्या नावावरची दोन काव्यं, ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’, इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमारास घडली असं सर्वसाधारणपणे मानतात. इलियडच्या पंधरा हजारांवर ओळी, ओडिसीच्या बारा हजारांवर. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत, यावरून आकाराचा अंदाज यावा. पहिल्यांदा वाचणारा हमखास वैतागतो तो पुनरुक्तीला. अकिलीस नुसता कधी येत नाही. तो चपळ पायांचा अकिलीस म्हणूनच येतो, मग तंबूत बसून का असेना. पहाट दर वेळी गुलाबी बोटांची. जेवणाचा बेत, शस्त्रं चढवण्याचा क्रम, निरोप्याने पोचवलेला निरोप, सगळं त्याच त्या शब्दांत.

हे असं का, याचा उलगडा मिल्मन पॅरी या अमेरिकी अभ्यासकाने केला. ही विशेषणं छंदाच्या मापात बसवलेले तयार तुकडे आहेत, गाता गाता ओळ रचणाऱ्या गायकाला ते लागतात, हे त्याने 1928 साली पॅरिसमधल्या प्रबंधात दाखवलं. मग तो पुरावा शोधत युगोस्लाव्हियात गेला. तिथल्या खेड्यांत गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणारे लोक त्याने ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले. आव्दो मेजेदोविच हा त्यातला मोठा गायक. धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा. 1935 साली त्याने बारा हजारांहून अधिक ओळींची एकच कथा सांगून उतरवून दिली. त्याच वर्षी पॅरी वारला, अवघा तेहतीस वर्षांचा. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने 1960 साली हे सगळं पुस्तकरूपात मांडलं, आणि होमरकडे बघण्याची जगाची दृष्टी बदलली.

धनगरी ओव्या ऐकलेल्याला यातलं काहीच नवलाचं वाटणार नाही. ढोलाच्या तालावर बिरोबाची कथा रात्रभर चालते. मुख्य गायक उचलतो, साथीदार झेलतात, मध्येच गाणं थांबून तोच भाग बोलीत सांगितला जातो आणि पुन्हा ढोल सुरू होतो. ग्युंथर सोन्थायमर हे जर्मन संशोधक महाराष्ट्रभर हिंडून या ओव्या गोळा करत राहिले; बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये आणि पुढे इंग्रजीत निघाला. पॅरीला त्यासाठी बाल्कनच्या डोंगरांत जावं लागलं. आपल्याकडे कर्जत-जामखेडच्या माळावर ते चालत येत होतं.

तसंच गोंधळ-जागरणाचं. आधी आवाहन: तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडेराया, पंढरीचा विठोबा, मग पंचक्रोशीतली दैवतं, गावांची नावं घेत घेत. यादी लांबत जाते, आणि आपल्या गावाचं नाव आलं की बसलेला माणूस सावरून बसतो. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर आलेल्या ग्रीक जहाजांची अशीच यादी आहे. एकोणतीस तुकड्या, त्यांची गावं, त्यांचे नायक. आजचा वाचक ती पानं उलटून पुढे जातो, कारण त्यातलं एकही गाव त्याचं नसतं. त्या काळच्या श्रोत्याला तीच सर्वांत गोड लागली असणार. नगरकराने ती यादी पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाच्या यात्रेत बसल्यासारखी ऐकावी, मग कंटाळा येणार नाही.

छंदाचंही तेच. होमर आणि व्हर्जिल दोघांचाही छंद एक, हेक्झामीटर. इंग्रजी पुस्तकं त्याचं वर्णन अशा शब्दांत करतात की वाचणारा दबकतो. शाळेत लघु-गुरू आणि गण शिकलेल्या मराठी माणसाला तो दोन वाक्यांत कळतो. ओळीत सहा ठोके; प्रत्येक ठोक्यात एक भ गण, म्हणजे गुरू-लघु-लघु, किंवा त्याच्या जागी दोन गुरू, म्हणजे कसंही केलं तरी चार मात्रा. पाचव्या ठोक्यात बहुधा भ गणच, आणि शेवटी दोनच अक्षरं. झालं. जोराचा नव्हे, मात्रांचा हिशेब, आपल्यासारखाच. यमक नाही. ओवीशी फरक पडतो तो इथे: ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. ती दर वेळी येऊन टेकते, श्वास घेते. हेक्झामीटर टेकत नाही. वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहत जातं. पैठणच्या एकनाथांची ओवी कानात बसलेल्याला हा फरक वाचताक्षणी जाणवतो.

आता होमरचं खरं वैभव, त्याच्या उपमा. इथे थोडं रेंगाळायला हवं.

इलियड हे युद्धाचं काव्य आहे, आणि भाले कुठून घुसले नि कुठून निघाले याची वर्णनं त्यात वैद्याने लिहावीत तशी आहेत. पण मध्येच होमर थांबतो आणि ‘जसं’ म्हणून आपल्याला रणातून उचलून शेतात नेऊन ठेवतो. शत्रूचा बाण मेनेलाउसच्या चिलखतावर आपटून उडतो, कसा? खळ्यावर उपणताना वाऱ्याने आणि फावड्याच्या झटक्याने घेवडे-हरभरे उडावेत तसा. दोन सैन्यं एकमेकांना कापत येतात, बड्या शेतकऱ्याच्या रानात दोन बाजूंनी कापणी करत येणाऱ्या टोळ्यांसारखी. लढाई दोन्ही बाजूंनी समसमान तुटते, ते कसं सांगावं? मजुरीवर लोकर कातणारी एक बाई तराजू धरून वजन आणि लोकर बरोबर करते आहे, पोरांच्या पोटाला चार दाणे मिळावेत म्हणून. आणि एजॅक्स हा थोर योद्धा शत्रूंच्या माऱ्याखाली हळूहळू मागे हटतो, तेव्हा होमर त्याला चक्क गाढव म्हणतो: पिकात शिरलेलं हट्टी गाढव, पोरांनी पाठीवर काठ्या मोडल्या तरी पोट भरल्याशिवाय न हलणारं. आपल्या पंडित कवींना नायकाच्या बाबतीत हे धाडस झालं नसतं.

मला सर्वांत प्रिय उपमा एकविसाव्या सर्गातली. स्कमँडर नदी चिडून अकिलीसच्या पाठीस लागते. तो पळतो, आणि पाणी त्याला गाठतं. इथे होमर दारं धरणारा माणूस आणतो. तो झऱ्याचं पाणी बागेकडे वळवतो आहे, हातात कुदळ आहे, पाटातली घाण काढतो आहे; पाणी सुटतं, बारके गोटे गडगडतात, उतार लागतो आणि वाट दाखवणाऱ्याच्याही पुढे पाणी धावत सुटतं. प्रवरेच्या पाटावर रात्रपाळीचं दारं ज्याने धरलं आहे, त्याला या ओळींवर टीप लागणार नाही. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या भाष्यकारांना मात्र लागते.

ज्ञानेश्वरही दृष्टांतांचे राजे. पण त्यांची चाल वेगळी. ते एका कल्पनेसाठी दृष्टांतांची माळ लावतात; प्रत्येक ओवीत एक, चार-पाच-सहा ओव्या सलग. अर्जुनाला मोहाने घेरलं हे सांगताना लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकल्याचा त्यांचा दृष्टांत वाचकांच्या ओळखीचा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते दिसावं म्हणून ते दृष्टांत देतात. होमरला असं काही अदृश्य दाखवायचं नसतं. बाण, नदी, माणूस, सगळं समोरच असतं. तो एकच उपमा घेतो आणि ती पाच-दहा ओळी वाढवत नेतो, मूळ विषय विसरला की काय असं वाटेपर्यंत. मला वाटतं, मरणाऱ्या माणसांनी मागे काय सोडलं आहे, त्याची तो आठवण देत असतो: खळं, पाट, लोकर, पोरं. काव्यात नावानिशी मरणारे दोनशेच्या वर आहेत, आणि अनेकांचा बाप, गाव, बायको यांचा उल्लेख मरणाच्या क्षणी येतो. सिमोइसियस नावाचा एक पोरगा चौथ्या सर्गात येतो आणि लगेच मरतो. आई मेंढरं बघायला आईबापांबरोबर गेली असताना नदीकाठी तो जन्मला होता, म्हणून नदीचं नाव त्याला दिलेलं. एवढंच त्याचं चरित्र.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. ट्रॉय पडत नाही, अकिलीस मरत नाही. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे काही आठवडेच त्यात आहेत, आणि विषय एकच: अकिलीसचा राग. तो रुसतो, त्याच्या जागी लढायला गेलेला मित्र पॅट्रोक्लस ट्रॉयच्या हेक्टरकडून मारला जातो, मग अकिलीस सूडाने हेक्टरला मारतो आणि प्रेत रथामागे फरफटवतो. शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येतो आणि ज्या हातांनी मुलगा मारला त्यांचं चुंबन घेऊन प्रेत मागतो. दोघंही रडतात, एक मुलासाठी, दुसरा मित्रासाठी आणि दूर राहिलेल्या बापासाठी. मग जेवतात. हेक्टरच्या अंत्यविधीवर काव्य थांबतं. आपल्याकडे महाभारतातलं स्त्रीपर्व ज्याच्या काळजाला भिडलं आहे, त्याला ही जात ओळखीची आहे.

हे सगळं कागदावर कसं उतरलं? नक्की कोणी सांगू शकत नाही. गाणारा सांगत गेला आणि दुसऱ्याने लिहून घेतलं, असं लॉर्डचं मत. नेवाशाला पैस खांब बघायला गेलेल्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको: ज्ञानेश्वर सांगत होते, सच्चिदानंद बाबा लिहून घेत होते. पुढचंही जुळतं. नकलांगणिक पाठ बिघडत गेले, तेव्हा ग्रीकांकडे अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातले झेनोडोटस आणि अरिस्टार्कस प्रती ताडून होमरच्या संशयास्पद ओळींवर खुणा करत बसले. आपल्याकडे हे काम शके 1506 मध्ये एकनाथांनी केलं, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी तंबीही देऊन ठेवली. अथेन्सच्या मोठ्या उत्सवात गायकांनी एकाने सोडलं तिथून दुसऱ्याने उचलत होमर म्हणायचा, असा दंडक होता. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात पहारा बदलताना वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, ती खाली टेकत नाही. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ही घरोघर मोठ्याने वाचला गेला म्हणून टिकला.

व्हर्जिलकडे वळताना मात्र हा सगळा ढोल-वीणा मागे ठेवावा लागतो.

तो इसवी सनापूर्वी 70 मध्ये उत्तर इटलीत मांटुआजवळ जन्मला. लाजाळू, प्रकृतीने तोळामासा. शेतीवरचं काव्य लिहायला त्याला सात वर्षं लागली, ‘ईनिड’वर अकरा वर्षं गेली, आणि तरी ते अपुरं राहिलं. ट्रॉय जळताना म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन, मुलाचा हात धरून निघालेला ईनियस समुद्रावर भटकतो, कार्थेजच्या डायडो राणीच्या प्रेमात पडतो, देवाज्ञा म्हणून तिला सोडतो, पाताळात बापाला भेटतो आणि इटलीत लढून रोमची पायाभरणी करतो. लाकडी घोड्याची प्रसिद्ध गोष्ट इथे दुसऱ्या सर्गात विस्ताराने येते. बारा सर्गांपैकी पहिले सहा भटकंतीचे, ओडिसीच्या वळणाचे; पुढचे सहा लढायांचे, इलियडच्या. प्रत्येक पानावर तो होमरशी बोलत असतो: ही उपमा तुझी, पण बघ मी ती कुठे नेली. म्हणून व्हर्जिल आधी वाचू नये. होमर मुरल्यावर वाचावा, आणि डोळ्याने, मागेपुढे पानं उलटत वाचावा. शेवटच्या सहा सर्गांतल्या लढाया मला होमरपुढे फिक्या वाटतात. पण डायडोचा चौथा सर्ग आणि पाताळाचा सहावा यांना तोड नाही. जिंकणाऱ्यांचा कवी असूनही तो हरलेल्यांकडे बघत राहतो. शेवटही तसाच: शरण आलेल्या शत्रूला, टर्नसला, ईनियस रागाच्या भरात मारतो आणि काव्य तिथेच तुटतं. विजयोत्सव नाही.

इसवी सनापूर्वी 19 मध्ये व्हर्जिल वारला. आपलं अपुरं काव्य जाळून टाका, अशी त्याची इच्छा होती, असं त्याचं जुनं चरित्र सांगतं. ऑगस्टस बादशहाने ते जाळू दिलं नाही. व्हारियस आणि तुक्का या कविमित्रांनी हस्तलिखित सिद्ध केलं, पण अट अशी की नवं काही घालायचं नाही. म्हणून पन्नासहून अधिक ओळी आजही अर्ध्याच आहेत.

या जातीचं काव्य नगरमध्ये लिहिलं गेलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये राहिले आणि त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. त्यांच्या कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापलं गेलं होतंच. व्हर्जिलने ग्रीक साचा घेऊन त्यात रोम ओतलं. टिळकांनी पोथीचा साचा घेऊन त्यात येशूची कथा ओतली. 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा दहाएक अध्यायच झाले होते. इथे मात्र नगरची गोष्ट रोमहून निराळी होते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर कुठल्या बादशहाची अट नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने काव्य हाती घेतलं आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. व्हर्जिलला अशी वारस मिळाली नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ सगळे वाचतात, ‘ख्रिस्तायन’ फारसं कोणी उघडत नाही, याची मला खंत वाटते.

सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी इलियडचा सहावा सर्ग सांगेन. शिरस्त्राणाचा तुरा बघून हेक्टरचं तान्हं बाळ घाबरतं, तो सर्ग. मग थेट चोविसावा, मग पहिल्यापासून. इंग्रजी चालत असेल तर रॉबर्ट फेगल्स यांनी इलियड, ओडिसी आणि ईनिड तिन्ही आणली आहेत; एमिली विल्सन यांची ओडिसी 2017 सालची आणि इलियड 2023 सालची, दोन्ही बोलीला जवळच्या आणि मोठ्याने वाचायला सोप्या. दिवसाला एक सर्ग पुरे, तोही घरात कोणी ऐकणारं असेल तेव्हा.

आणि नगर जिल्ह्यातल्या ओवी लिहिणाऱ्यांना एक विनंती. सगळं इलियड नको, एकटा चोविसावा सर्ग ओवीत आणा, प्रायम तंबूत शिरतो तिथपासून पुढचा. साडेतीनशे ओळींच्या आतलं काम आहे. झालं की कुठल्या तरी सप्ताहात रात्री म्हणून बघा.